शंकेचं बटण

९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंगीला शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. आपल्या रक्तपेढ्यांच्या अख्ख्या संस्थेच्या संगणकांची राखण ज्याच्याकडे, त्याचं लिहिलेलं सख्ख्या बहिणीलाही वाचता येऊ नये, हीही एक सुरक्षाच म्हणायची. घरचं काही मेलवर लिहायचं नाही, हा तुझा हुकूम मी पाळते आहे. त्या निमित्तानं तुझी पत्रं तरी येतात, म्हणून तक्रार नाही.

बाकी तुझ्या नव्या नियमांनी आमच्या नाकी नऊ आणलेत. सकाळी आत शिरताना मोबाइल लॉकरमध्ये टाकायचा, तो संध्याकाळीच हातात. बाहेरचा फोन आला आणि नंबर आधी नोंदवलेला नसला, की स्वागतकक्षातली बाई जोडून देत नाही. परवा आमच्या साहेबांच्या सासूबाईंनाही तिनं वाटेला लावलं. साहेब वरवर चिडले, पण मनातून खूश दिसले.

खरी बातमी वेगळी आहे. आमचे पाहुणे अंथरुणाला खिळलेत. रक्ताच्या पिशव्यांची गाडी चालवायचे ते, तू इथे आला होतास तेव्हा तुला स्टेशनवर सोडलं होतं बघ. अर्धा कप चहा पिऊन उठून पळायचे म्हणून अख्खी शाखा त्यांना पाहुणे म्हणते. पिशव्या उतरवता उतरवता खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव. आज सतरावा दिवस, अजून शुद्ध नाही. त्यांची बायको माझ्याच टेबलाला बसते. मी रक्तगटाच्या नोंदी करते, त्या तपासतात. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. रोज साडेपाचला काम संपवून त्या थेट रुग्णालयात जातात, सहाला भेटीची वेळ असते. रजा संपली, म्हणून दिवसा कामावर. घरी बसून करू तरी काय, म्हणतात.

इथे कुणाच्याही संगणकावर मेल वाजला की सगळ्यांच्या माना वर होतात, पाहुण्यांचं काही कळलं का म्हणून. परवा मी वहिनींना म्हटलं, बघा, डोळे उघडले की तुमचं नाव घेणार नाहीत, माझी गाडी कोण चालवतंय ते आधी विचारतील. सतरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या बिचाऱ्या. मी हा विनोद पुढे कुणाला सांगितला नाही. वेळ काय आणि ही बोलते काय, असं वाटायचं लोकांना.

तब्येतीला जप. जेवणाची वेळ पाळ.

तुझी,
ताई

---

१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. मला ते चांगले आठवतात. स्टेशनपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नव्हता त्यांनी.

नियमांवरून तू मला चिडवतेस, पण गेल्या वर्षीचे ते नऊ दिवस मी विसरू शकत नाही. एका शाखेतल्या एका माणसानं पार्सलच्या मेलवर क्लिक केलं आणि चोरांनी आपल्या सगळ्या नोंदींना कुलूप घातलं. कुठली पिशवी कुठल्या गटाची, कुणासाठी राखलेली, काही दिसेना. नऊ दिवस वह्या धुंडाळून काम चाललं. बारा रुग्णालयांनी ऑपरेशनं पुढे ढकलली. चौकशीत सगळ्यांची बोटं माझ्याकडे होती आणि ती चुकीची नव्हती. तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बसतो.

आता दर तीन महिन्यांनी आम्हीच सगळ्यांना खोटे मेल पाठवतो. सापळा मेल म्हणतो आम्ही त्यांना. फसून क्लिक केलं की लाल पान उघडतं, ‘हा सराव होता, पण चोर खरा असता तर?’ मग त्या माणसाला एक तासाचा वर्ग. अडचण अशी, की लोक आता हुशार झालेत. बक्षीस, पार्सल, पगारवाढ, कशालाच भुलत नाहीत. चोर मात्र पुढे गेलेत. ते महिनाभर माणसाची माहिती काढतात, त्याला कशाची आस लागली आहे ते बघतात आणि नेमकं तेच लिहितात. वरिष्ठ मला म्हणाले, चोर लिहील तसा मेल लिहून दाखव, नाहीतर तुझ्या सरावाला अर्थ नाही.

तुझी पत्रं मला फार आवडतात. इथे आकडे दिसतात, माणसं दिसत नाहीत. शाखेतलं असंच सविस्तर लिहीत जा.

तुझा,
बारक्या

---

४ मार्च

बारक्या,

परवा सकाळी दहा वाजता शाखेतल्या चौतीसही जणांना मेल आला. विषय होता, ‘आनंदाची बातमी’. आत लिहिलं होतं, आपले लाडके पाहुणे शुद्धीवर आले आहेत. डोळे उघडताच त्यांनी पहिलं विचारलं, माझी गाडी कोण चालवतंय? त्यांचा फोटो पाहण्यासाठी आणि दोन शब्द लिहिण्यासाठी इथे क्लिक करा.

चौतिसातल्या एकतीस जणांनी क्लिक केलं. राहिलेले तिघे रजेवर होते.

मी तुला वहिनींचं सांगते. मेल वाचून त्यांनी माझा दंड धरला. मग ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, तुम्ही म्हणालात तस्संच झालं हो! हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. फोटो बघायला त्यांनी क्लिक केलं तर लाल पान उघडलं. त्यांना ते कळेचना. फोटो यायला वेळ लागत असेल असं वाटून त्या तशाच बसून राहिल्या. तोवर कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, अरे, सराव आहे हा, सापळा आहे! मी त्यांच्या हातातला माउस काढून घेतला. दहा मिनिटं, बारक्या. दहा मिनिटं त्या बाईचा नवरा बरा झाला होता.

नंतर त्या स्वच्छतागृहापाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, मेल लिहिणाऱ्याला आमच्यातलं हे वाक्य कसं कळलं असेल हो?

मी सांगितलं, मला माहीत नाही. त्या एका वाक्यावरून मला कळलं होतं. ते मी फक्त एका माणसाला लिहिलं होतं, तेही कागदावर, कारण त्यानंच सांगितलं होतं की कागद सुरक्षित असतो.

ताई

---

११ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी चुकलो. आधी तेवढंच लिहितो.

पण थोडं ऐकून घे. वहिनींचं नाव यादीत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शाखेची यादी सरसकट उचलली जाते, नावं मी पाहत नाही. त्या तुझ्या टेबलाला बसतात हे तू लिहिलं होतंस, मी वाचलंही होतं आणि तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की तुझी सगळी शाखा एका बातमीची वाट बघते आहे. गेले सहा महिने मी असंच काहीतरी शोधत होतो.

चोराला ते वाक्य मिळालं असतं तर त्यानं मागेपुढे पाहिलं नसतं. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. म्हणजे, लिहितोच आहे बहुतेक. चोराच्या डोक्यानं विचार करायचा हेच माझं काम आहे, आणि ते मला फार चांगलं जमायला लागलं आहे.

यापुढे वर्गात कुणाला ओशाळवाणं वाटू नये म्हणून मी एक बदल केला आहे. प्रत्येक मेलच्या वर आता एक बटण असेल, ‘शंका आहे’. जरा खटकलं की दाबायचं. मेल तुमच्याकडून निघून माझ्याकडे येतो, तुम्हाला काहीच धोका नाही. दाबणाऱ्याला लगेच शाबासकीही जाते. फसलेल्यांना रागवण्यापेक्षा सावध राहणाऱ्यांचं कौतुक करावं, असं मला वाटलं.

वहिनींना माझ्या वतीनं काय सांगावं ते मला सुचत नाही. तूच सांग.

तुझा,
बारक्या

---

२२ मार्च

बारक्या,

तुझ्या वतीनं मी काहीच सांगितलेलं नाही. तो मेल माझ्या भावानं लिहिला आणि त्यातलं वाक्य मी पुरवलं, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही. रोज एकाच टेबलावर डबा उघडतो आम्ही.

फसलेल्यांचा वर्ग झाला. वहिनी पहिल्या रांगेत वही घेऊन बसल्या होत्या. शेवटी त्यांनी हात वर केला आणि विचारलं, खरी बातमी आणि खोटी बातमी, ओळखायची कशी? शिकवणाऱ्यानं तुझ्या कागदावरचं वाचून दाखवलं. तीन खुणा. मेल घाई करायला लावतो, मनाला हवं तेच सांगतो आणि लिंक दाबायला सांगतो. तिन्ही एकत्र असतील तर शंभर टक्के सापळा. वहिनींनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. तो कागद आता त्यांच्या संगणकाला चिकटवलेला आहे.

पाहुण्यांचं तसंच आहे. आणखी काही लिहीत नाही. काय लिहावं आणि किती, याचा आता विचार करावा लागतो मला.

ताई

---

२ एप्रिल

प्रिय ताई,

तू कमी लिहितेस ते मला कळतं. तरी ही बातमी मला तुलाच आधी सांगायची आहे.

सोमवारी आपल्यावर खराखुरा हल्ला झाला. रुग्णालयांच्या नावानं सगळ्या शाखांना मेल गेले, ‘तातडीनं रक्त हवं, यादी सोबत’. भाषा चोख, शिक्का हुबेहूब. तीच टोळी असावी, गेल्या वर्षीची. पण चार मिनिटांत पहिल्यांदा कुणीतरी ‘शंका आहे’ दाबलं, मी मेल पाहिला आणि दहाव्या मिनिटाला सगळीकडचा दरवाजा बंद केला. एकही नोंद गेली नाही, एकही पिशवी अडली नाही.

ते पहिलं बटण कुणी दाबलं माहीत आहे? तुझ्या वहिनींनी.

ताई, मी खुर्चीत बसून रडलो. वाटलं, जे झालं ते अगदीच वाया गेलं नाही. त्या दिवशी कुणाचं तरी ऑपरेशन वेळेवर झालं असेल, ते त्यांच्यामुळे. त्यांना एवढं तरी सांगशील?

११ तारखेला मुख्य कार्यालयात सगळ्या वरिष्ठांसमोर मला हे मांडायचं आहे. सत्कारही आहे म्हणतात. चार-पाच दिवस बाहेर असेन.

तुझा,
बारक्या

---

१६ एप्रिल

बारक्या,

पाहुणे गेले. ११ तारखेला, दुपारी चारच्या सुमारास.

हे पत्र लिहायला मला पाच दिवस लागले. मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या दिवशी सकाळी वहिनींना मेल आला. मी शेजारीच होते. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला. ‘तुमचे यजमान शुद्धीवर आले आहेत, लगेच या,’ आणि खाली निळी लिंक. त्या माझ्याकडे बघून नुसतं हसल्या आणि म्हणाल्या, परत तेच. बोट तिसऱ्या खुणेवर ठेवून त्यांनी तो चिकटवलेला कागद मला दाखवला. तरी हात बटणापाशी थांबला होता त्यांचा. क्षणभर त्यांना वाटलं असणार, खरं असेल तर?

आणि मी म्हटलं, दाबा बटण.

मला वाटलं तूच, बारक्या. मला वाटलं, याला अजून पुरेसं झालेलं नाही. राग एवढा उफाळून आला की दुसरं काही सुचलंच नाही. खाली जाऊन लॉकर उघडावा, एक फोन करावा, एवढीही बुद्धी मला झाली नाही. त्यांनी बटण दाबलं. मेल नाहीसा झाला आणि त्या जागी हिरव्या अक्षरांत आलं, ‘शाब्बास! तुमच्या सावधपणामुळे आज संस्था सुरक्षित राहिली.’ आम्ही दोघींनी पुढच्या नोंदी काढल्या. दुपारी डबा खाल्ला. त्यांनी मला त्यांच्यातली भाजी वाढली.

साडेपाचला त्यांनी लॉकर उघडला तर मोबाइलवर अकरा फोन येऊन गेलेले. रुग्णालयानं शाखेतही दोनदा फोन केला होता. नंबर नोंदवलेला नव्हता, म्हणून जोडला गेला नाही. आम्ही रिक्षानं गेलो. तोवर त्यांच्या अंगावर चादर ओढलेली होती.

सकाळच्या पाळीची परिचारिका घरी गेलेली. दुसरी म्हणाली, पाच तास जागे होते, बोलत होते.

काल मी वहिनींना सगळं सांगितलं. ते वाक्य तुला कसं मिळालं, तू माझा कोण, सगळं. त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. मग एवढंच म्हणाल्या, मी दोनच ओळी वाचल्या होत्या हो, खाली आणखी लिहिलेलं होतं. बटण दाबल्यावर मेल तुमच्या भावाकडे जातो ना? मला तो वाचायचा आहे.

तो शोध. आणि संगणकावर पाठवू नकोस. त्यांनी त्या दिवसापासून संगणक उघडलेला नाही.

ताई

---

२४ एप्रिल

ताई,

सापडला.

तू म्हणालीस तसं मी शेवटपर्यंत वाचलं. ‘दाबा बटण’ हे तू म्हणालीस, पण तुझ्या तोंडात ते मी घातलं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

११ तारखेला त्या वेळी मी व्यासपीठावर होतो. पडद्यावर आलेख होता, शंका घेणारे लोक महिन्याभरात नऊपट वाढले. टाळ्या पडल्या. ज्या वेळी टाळ्या पडल्या त्याच वेळी हा मेल माझ्या ढिगात येऊन पडला असणार. रोज चारशे-चारशे येतात आता. लोक सगळ्यावरच शंका घेतात, मुलांच्या शाळेच्या मेलवरसुद्धा. मी नसताना बघणारा एकटाच होता. त्यानं ‘आनंदाची बातमी आहे’ हा विषय वाचला आणि तो मार्चमधल्या सरावाचाच उरलेला मेल समजून बाजूला ठेवला. तेव्हाही विषय जवळजवळ असाच होता.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हा दोघींना माहीत नाही. मला ती लपवावीशी वाटली. दोन दिवस मी ती लपवायचंच ठरवलं होतं. मेल एक नाही, तीन आहेत. एका पत्त्यावर शंका घेतली की त्याच पत्त्यावरून पुढे येणारं सगळं आपली यंत्रणा परस्पर अडवते, माणसापर्यंत पोचूच देत नाही. तो नियम मी केला. खऱ्या हल्ल्याच्या दिवशी त्याच नियमानं आपल्याला वाचवलं होतं. वहिनींना पुढचे दोन दिसलेच नाहीत.

त्यांनी एकच मागितला आहे. तिन्ही दिले तर त्यांना जास्त त्रास होईल, एवढं मला कळतं. पण कुणी काय वाचावं आणि काय वाचू नये, हे मी ठरवत आलो आणि त्याचं हे असं झालं. म्हणून तिन्ही पाठवतो. मी कामावर जातो आहे. चोर थांबलेले नाहीत, कालही दोनदा आले होते. सापळा मेल मात्र मी पुन्हा लिहिणार नाही. तसं वरिष्ठांना कळवलं आहे, पुढे ते काय करतील ते करोत. वहिनींना भेटायला येऊ का, हे त्यांना विचारशील? नको म्हणाल्या तर येणार नाही.

खालचं सगळं मी हातानं उतरवलं आहे. अक्षर नीट काढलंय. त्यांना वाचता यायला हवं.

*सकाळी ११ वाजून १० मिनिटं*

नमस्कार. तुमचे यजमान शुद्धीवर आले आहेत, लगेच या. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून भरतीच्या अर्जावरच्या पत्त्यावर लिहिते आहे. बोलणं थोडं अडखळतं, पण सगळं कळतंय. खालच्या लिंकवर नाव नोंदवलंत तर दारावर थांबावं लागणार नाही, भेटीची वेळ नसली तरी आत सोडतील. त्यांचा निरोप आहे, येताना चष्मा आणा. त्याशिवाय तुमचा चेहरा नीट दिसणार नाही, म्हणतात.
— सकाळच्या पाळीची परिचारिका

*दुपारी १ वाजून २५ मिनिटं*

तुमच्या कार्यालयातही फोन केला, जोडला नाही. ते जागे आहेत. दोन चमचे पाणी घेतलं. तुम्ही कामात असाल, असं तेच मला समजावून सांगतात. चष्मा कपाटातल्या वरच्या खणात आहे, निळ्या पिशवीत, असा निरोप आहे.

*दुपारी ३ वाजून २० मिनिटं*

माझी पाळी संपली, पण थांबले आहे. त्यांना आता थकवा आलाय, डोळा लागतोय. झोपायला तयार नव्हते, तुम्ही येऊन परत जाल म्हणून. तुम्ही आलात की मी लगेच उठवीन, असं सांगितल्यावर झोपले.